तात्यांचं कार्ड, काकींचं वय

तात्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९५०. काकींच्या कार्डावर १ जून १९५६. नवरा-बायकोचा वाढदिवस एकाच दिवशी म्हटल्यावर शहरातला माणूस कौतुकानं हसेल. आमच्या पाटण तालुक्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला पहिलीत बसवायला घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की आभाळाकडे बघायचा, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. तात्यांची तारीख अशी शाळेत पडली. काकी शाळेत गेल्याच नाहीत. त्यांची तारीख कुठून आली ते पुढे येईल, कारण सगळं प्रकरण त्या तारखेपाशीच अडलं.

मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी सकाळी कागदपत्रांच्या टेबलावर बसतो. हयातीचे दाखले, श्रावणबाळचे अर्ज, आणि २०२४ च्या दिवाळीपासून आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांना पाच लाखांपर्यंत फुकट उपचार देणारं केंद्राचं कार्ड. खाली लिहितोय ते एका घराचं प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि दुसऱ्या एका घरातली एक गोष्ट यात मिसळली आहे.

घर आणि त्याचे कागद

तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन, दोन हजारांच्या आत. जमीन दीड एकर, तीही डोंगराच्या अंगाला. रेशनकार्ड केशरी, त्यावर तात्या, काकी, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं. धाकटा चाकणला कंपनीत, त्याचा पगार ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, २१,००० रुपयांच्या मर्यादेत, म्हणजे तो विमाधारक. मुलगी सुरतेला दिलेली. काकी वर्षातले दोन-तीन महिने तिच्याकडे असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या घराला सरकारी आरोग्य संरक्षणाचे तीन दरवाजे होते, आणि घरात एकालाही तिन्ही माहीत नव्हते.

एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली ती हीच; नाव २०१७ मध्ये बदललं. कित्येक वर्षं कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती पाच लाखांवर नेली आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घेतलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. इथे वयाचा प्रश्नच नाही. कार्डावर नाव असलं की बाळापासून पणजीपर्यंत सगळे आत, आणि पाच लाख सगळ्यांत मिळून.

दुसरा दरवाजा ईएसआयसीचा, धाकट्याच्या मार्फत. विमाधारकावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांच्या वर नसेल तर त्यांची नावं लावता येतात. धाकट्यानं लावलीच नव्हती. का, तर कंपनीत रुजू होताना फॉर्मवर 'कुटुंब' म्हणून त्यानं बायको-पोराचं नाव दिलं होतं. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण कुटुंब या शब्दाचा अर्थ प्रत्येक योजनेत वेगळा निघतो आणि तो कुणी समजावून सांगत नाही.

आणि तिसरा दरवाजा, ज्यासाठी तात्या माझ्या टेबलावर आले तो: वय वंदना कार्डाचा.

कार्ड निघालं

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून सुरू झाली तेव्हा ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतल्या यादीवर उभी होती. यादीत नाव नाही, तर योजना नाही. तात्यांचं घर त्या यादीत नव्हतं. मग ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, पाच लाखांचं संरक्षण द्यायचं ठरवलं. साडेचार कोटी कुटुंबांतली सहा कोटी माणसं, असा सरकारचा अंदाज. २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, त्याच्या वय वंदना कार्डांचं वाटप सुरू झालं. हप्ता नाही, प्रतीक्षा काळ नाही, आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरलेले. खासगी विमा कंपनीकडे सत्तरीतला माणूस गेला तर काय ऐकून परत येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या वाक्याची किंमत कळेल.

तात्या डिसेंबरात आले. पात्रता तपासायला दोन मिनिटं लागली, कारण तपासायचं एकच: आधारवर वय सत्तर पूर्ण आहे का. तात्यांचं चौऱ्याहत्तर. उत्पन्नाचा दाखला नको, अधिवास नको, रेशनकार्ड नको.

नोंदणीला मात्र दोन गुरुवार गेले. आयुष्मान अ‍ॅपमध्ये सत्तरीवरच्यांसाठी वेगळी खिडकी आहे. तिथे आधार क्रमांक टाकला. ओटीपी ज्या मोबाईलवर गेला तो नंबर थोरल्यानं तीन वर्षांपूर्वीच बंद केलेला. मग बोटांचे ठसे. चाळीस वर्षं कारखान्यात स्पॅनर धरलेली बोटं, यंत्रानं चार वेळा नाकारली. शेवटी चेहरा दाखवून काम झालं. एवढ्यासाठी तात्या डोळे विस्फारून फोनकडे बघत बसले, तर अ‍ॅप म्हणे पापण्या मिटा. "आता डोळं मिटू का उघडू, एकदा ठरीव की," तात्या म्हणाले. पापण्या लवल्या, हिरवी खूण आली. मी त्यांना मोबाईल क्रमांक आधार केंद्रावर बदलून घ्यायला सांगितलं, तेव्हा त्याला ५० रुपये पडत. बदलला नाहीच त्यांनी.

कार्डाची रंगीत प्रत काढून, लॅमिनेशन करून दिली. जाताना त्यांनी विचारलं, "कुटुंबाला पाच लाख ना?" मी म्हणालो, "हो, कुटुंबाला."

इथे माझी चूक झाली. वाक्य नियमाला धरून होतं, तरी चूकच. सत्तरीवरच्यांच्या या भागात कुटुंब म्हणजे घरातली फक्त सत्तर ओलांडलेली माणसं. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच लाख, आणि दोघांचीही स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र ई-केवायसी. घर आधीपासून मूळ यादीत असेल तर म्हाताऱ्यांना वरचे पाच लाख वेगळे, ज्यांना घरातल्या तरुणांनी हात लावायचा नाही. तात्यांनी 'कुटुंब' ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रेशनकार्डावरची सहा माणसं आली. मी काकींचं वय विचारलंही नाही. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की त्या कागदावर अडुसष्टच्या आहेत.

फेब्रुवारीतली रात्र

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री अकराच्या सुमाराला काकींना घाम फुटला, छातीत आणि डाव्या जबड्यात कळ. सुनेनं अ‍ॅसिडिटी न समजता थोरल्याला उठवलं, आणि १०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला; झटका स्पष्ट होता. डॉक्टरांनी गोळ्या देऊन लगेच पुढे पाठवलं.

शहरातल्या पहिल्या रुग्णालयात थोरल्यानं काउंटरवर तात्यांचं लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलं. पलीकडच्या माणसानं ते उलटून पालटून पाहिलं.

"पेशंटचं कार्ड कुठंय?"

"हे वडलांचं. कुटुंबाचं आहे."

"पेशंटचं वय?"

आधार दाखवलं. अडुसष्ट. "सत्तर नाही झालं यांचं. आणि हार्टसाठी आम्ही योजनेत नाही. डिपॉझिट भरा, घेतो आत."

काउंटरवरच्या माणसानं जे सांगितलं ते सगळं खरं होतं. रुग्णालय योजनेत असणं आणि हृदयविकारासाठी योजनेत असणं या वेगळ्या बाबी आहेत. संलग्नता विभागवार दिलेली असते. अस्थिरोगासाठी पाटी लावलेल्या ठिकाणी अँजिओप्लास्टी योजनेतून होईलच असं नाही. त्यानं सांगितलं नाही ते एवढंच, की केशरी रेशनकार्ड असेल तर महात्मा फुलेतून दुसरीकडे होईल. ते त्याचं काम होतं की नाही यावर माझा आणि थोरल्याचा आजही वाद आहे. माझं म्हणणं, माणूस म्हणून तरी होतं. थोरला म्हणतो, रात्री एक वाजता तिथं पगारावर बसलेल्या पोराकडून काय अपेक्षा करायची.

डिपॉझिटचा आकडा मोठा होता. थोरल्यानं तासभर फोनाफोनी केली, पाहुण्यांना उठवलं. त्यात मला फोन आला. मला झोपेतून पूर्ण जाग यायच्या आत मी विचारलं, "रेशनकार्ड कुठंय?" ते घरी पेटीत. सुनेनं पेटी उघडून दोन्ही पानांचे फोटो पाठवले. बारा अंकी ऑनलाइन क्रमांक होता, काकींचं नाव होतं. महात्मा फुलेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, फोन करून हृदयविकारासाठी संलग्न रुग्णालय कुठलं ते विचारलं, आणि गाडी तिकडे वळवली.

दुसऱ्या रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघणारा माणूस, रात्रपाळीचा, विशीतला मुलगा. त्यानं क्रमांक टाकला, नाव पडद्यावर आलं. रेशनकार्डावर काकींचं नाव माहेरच्या लाडक्या रूपात आणि आधारवर पूर्ण. त्यानं दोन्ही पाहून, आडनाव आणि नवऱ्याचं नाव जुळवून पुढे ढकललं. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून फोनवर मान्यता घ्यायची सोय योजनेत आहे, ती त्यानं वापरली. पहाटे एक स्टेंट बसला. चौथ्या दिवशी काकी घरी आल्या. बिल शून्य.

पहिल्या रुग्णालयाच्या दारात दीड तास गेला. हृदयाच्या त्या भागाला किती फरक पडला, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

घरी आल्यावर दुसरा धडा. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. सोबत मिळालेल्या गोळ्या संपल्या की पुढे रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची, सगळी औषधं आपल्या खिशातून. केंद्राच्या योजनेतही दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुट्टीनंतरचे पंधरा दिवस धरतात, बाह्यरुग्ण तपासणी नाही. काकींच्या गोळ्या आता जनऔषधी केंद्रातून येतात. ही बाब कार्ड देताना कुणी सांगत नाही, आणि म्हाताऱ्यांचा खरा मासिक खर्च तर तोच असतो.

म्हणूनच माजी सैनिकांना मी या टेबलावरून परत पाठवतो. सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंग्याला तर गावाच्या नावापुढेच मिलिटरी लागतं. ईसीएचएसवाला (माजी सैनिकांची आरोग्य योजना), सीजीएचएसवाला (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची) किंवा निमलष्करी दलाची आयुष्मान योजना असलेला माणूस सत्तरीचा झाला तर त्याला दोन्ही मिळत नाहीत. आहे ती ठेवायची की ही घ्यायची, अशी एकदाच निवड करायची. ईसीएचएसमध्ये पॉलिक्लिनिकला तपासणी आणि महिन्याची औषधं मिळतात, ती सोडून हे कार्ड घेणं म्हणजे दुभती म्हैस देऊन खुंटा घेणं. खासगी मेडिक्लेम आणि ईएसआयसीवाल्यांना मात्र अशी अट नाही. त्यांनी दोन्ही ठेवावीत.

काकी किती वर्षांच्या?

काकी बऱ्या झाल्यावर तात्या पुन्हा आले, जरा रागानंच. "हिचं वय तिकडं कमी आणि घरात जास्त. ही माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ल्हान, सहा न्हाई."

काकींचं स्वतःचं म्हणणं ठाम आहे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांना पंधरावं लागलं होतं. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. वय मोजायचा तो आमचा दगड आहे. आई सांगायची की काकी नवरात्रात झाल्या, पाचव्या माळेला. म्हणजे १९५३ चा ऑक्टोबर. या हिशेबानं त्या २०२३ मध्येच सत्तरीच्या झाल्या, आणि डिसेंबरात तात्यांबरोबर त्यांचंही कार्ड निघायला हवं होतं.

मग १९५६ आलं कुठून? आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. आमच्याकडे शिबिर पुढच्या वर्षी लागलं, शाळेच्या खोलीत. रांग मोठी. ऑपरेटरनं वय विचारलं, काकी म्हणाल्या, "असंल पंचावन." त्यानं २०११ मधून पंचावन्न वजा केले. दिवस-महिना काय टाकू, तर मागे उभ्या थोरल्यानं सांगितलं, "बापाचा १ जून हाय, तोच टाका." एवढ्यावर काकी तीन वर्षांनी तरुण झाल्या.

गंमत अशी, की २४ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे वय वंदना कार्ड सुरू होण्याच्या पाचच दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयानं एका मोटार अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सांगितलं की वय ठरवायला आधार कार्ड योग्य पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला जास्त भरवशाचा. आधार देणाऱ्या प्राधिकरणाचं परिपत्रकही तेच म्हणतं. आणि सत्तरीच्या योजनेत वयाचा पुरावा एकच: आधार. यावर तावातावानं बोलता येईल, संघात बोललोही. पण टेबलावर बसून बघितलं तर मला हा नियम वाईट वाटत नाही. चार दाखले मागितले असते तर आमच्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी माणसं तहसीलच्या जिन्यातच थकली असती. एका कागदावर काम होतं म्हणून कार्डं निघतात. ज्यांचा तो एक कागद चुकलाय त्यांना मात्र दुसरं दार नाही, आणि माझ्या टेबलावर अशा बहुतेक बायकाच येतात, कारण त्यांच्या वयाच्या पुरुषांची निदान शाळेच्या रजिस्टरात नोंद असते.

तर मग दुरुस्ती. आधारवरची जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, आणि त्याला पुरावा लागतो. पासपोर्ट नाही, गुणपत्रिका नाही, नोकरी नाही. उरला जन्माचा दाखला.

काकींचं माहेर त्याच तालुक्यातलं. १९५३ साली जन्म-मृत्यूची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा, गाव नमुना १४ मध्ये; ती बुकं आज तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं २०२३ पासून ही बुकं कपाटातून बाहेर आली, तिथल्या लोकांचा हात त्यात बसला, त्याचा आम्हाला फायदा झाला. थोरला अर्ज करून दोन फेऱ्यांत नोंद घेऊन आला. ऑक्टोबर १९५३. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. अपत्य: मुलगी.

नाव नाही. तेव्हा नसायचंच. बारशाच्या आधी कोतवालाला वर्दी दिली जायची आणि बुकात मुलगा की मुलगी एवढंच पडायचं. नोंदीत नाव घालून घ्यायचा रस्ता आहे, पण ती मुलगी म्हणजे हीच बाई हे दाखवणारा दुसरा कागद हवा, आणि तो बहुधा शाळेचा असतो. त्यावर लग्नानंतर नाव बदललेलं, आडनाव बदललेलं. त्यासाठी आणखी कागद.

आणि मग काकींनीच एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणी विचारली नव्हती. त्यांना एक बहीण होती. पाठची की आधीची हे त्यांना नक्की माहीत नाही. रांगत होती तेव्हाच गेली. म्हणजे बुकातली ऑक्टोबर १९५३ ची मुलगी काकीच, अशी शपथ मीही घेणार नाही. पाचवी माळ आईनं कुणाची सांगितली, कोण जाणे. थोरला म्हणाला, मृत्यूच्या नोंदी बघू. काकी म्हणाल्या, "नगं. तिला तिथंच ऱ्हाऊ दे."

दुरुस्तीचा अर्ज आम्ही केला नाही. एकदाच मिळणारी संधी अर्ध्या पुराव्यावर वाया घालवण्यात अर्थ नव्हता, आणि आधारच्या हिशेबानं १ जून २०२६ ला काकींची सत्तरी कागदावर पूर्ण होतेच. तात्यांना यात एक खंत आहे. पंचाहत्तरीला एसटी फुकट होते; त्यांची स्वतःची १ जून २०२५ ला झाली, काकींना २०३१ पर्यंत अर्ध्या तिकिटावर राहावं लागणार. "तिला अर्धं असतंच की बाई म्हणून," असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "अर्धं आणि फुकट एकच व्हय?"

मधल्या काळात काय केलं

काकींना तोवर महात्मा फुलेचा आधार आहे, पण तो केशरी कार्डावरच्या सहा जणांत वाटलेला आणि महाराष्ट्रापुरता. सुरतेला लेकीकडे असताना काही झालं तर ते कार्ड तिथं उपयोगी नाही; केंद्राचं कार्ड मात्र देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. म्हणून यंदा काकींचं सुरतेला जाणं थांबलं, लेकच इकडे येऊन गेली. यावर घरात थोडी धुसफूस झाली, जावयाचं म्हणणं पडलं की आम्ही काय खर्च केला नसता का. असो.

धाकट्याला कंपनीच्या माणसाकडे पाठवून ईएसआयसीत आई-वडिलांची नावं लावायला सांगितली. तात्यांच्या पेन्शनचा कागद आणि उत्पन्नाचं घोषणापत्र दिलं, काम झालं. पगार वाढून २१,००० च्या पुढे गेला की हा दरवाजा काही महिन्यांत बंद होईल, हेही त्याला सांगून ठेवलंय. बढती मागावी की नाही, असा प्रश्न त्यानं गमतीनं विचारला. पूर्ण गमतीनं नसावा.

रेशनकार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी करून घेतली आणि काकींचं नाव आधारप्रमाणे दुरुस्त केलं, म्हणजे पुढच्या वेळी समोरचा आरोग्यमित्र त्या मुलाइतका समजूतदार नसला तरी अडू नये. तात्यांचा मोबाईल क्रमांकही एकदाचा आधारला लागला. सुनेनं रेशनकार्ड, दोघांची आधार कार्डं आणि तात्यांचं वय वंदना कार्ड यांचे फोटो घरातल्या चारही फोनमध्ये ठेवलेत; हृदयविकार, मूत्रपिंड आणि हाडांसाठी कुठलं रुग्णालय संलग्न आहे ते हेल्पलाइनला विचारून एका कागदावर लिहिलं आणि तो फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेचा १४५५५ हे दोन आकडे तिनं लाल शाईनं लिहिलेत. या घरात आता योजना कुणाला समजत असेल तर सुनेला.

आमच्या टेबलावरचा अर्जही बदलला. संघाचा स्वतःचा एक पानी नोंदणी फॉर्म आहे, त्यात आम्ही एक रकाना वाढवला: पती किंवा पत्नीची आधारवरची जन्मतारीख. नवा फॉर्म आला त्या गुरुवारी पहिलेच आले ते एक निवृत्त ग्रामसेवक. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो रकाना वाचला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"तिची तारीख कशाला? कार्ड तर माझं काढायचंय."